खाँसाहेबांचा सूर आणि फाइलचे आडनाव

लोणावळ्याच्या पावसाळ्यात भिंतींना घाम फुटतो. चपला, पुस्तकांचे पुठ्ठे, कपाटातल्या जरीच्या साड्या, कशालाही बुरशी धरते. वलवणच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या आत्याच्या घरी गेल्या श्रावणात ती एका लाकडी पेटीपर्यंत पोहोचली. पेटीत आजोबांच्या काळ्या, जड तबकड्या होत्या. त्यांतल्या सात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या. आतेभावाने त्या एका दुकानात नेऊन संगणकावर उतरवून आणल्या, पेनड्राइव्ह आत्याच्या हातात दिला आणि तबकड्या भंगारवाल्यासाठी पडवीत काढून ठेवल्या. फाइलींच्या नावांच्या शेवटी वेव्ह असे लिहिलेले होते, म्हणजे काहीही न वगळता केलेली पूर्ण प्रत मिळाली, अशी त्याची समजूत.

मी त्यांतली एक फाइल ऑडॅसिटी या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तिचा ध्वनिआलेख काढला. सोळा हजार हर्ट्झच्या वर आलेख एकदम कोरा होता, कात्रीने कापावा तसा. जुन्या तबकडीची खरखर अशी सरळ रेषेवर थांबत नाही, ती वरपर्यंत पसरलेली असते. म्हणजे दुकानात आधी एमपीथ्री तयार झाली होती आणि मग तिचेच वेव्ह करून दिले होते. जे एकदा गाळले गेले ते आडनाव बदलून परत आले नव्हते. आत्याला मी तबकड्या घरात परत घ्यायला सांगितल्या.

फाइलच्या नावातल्या टिंबानंतरची ती तीन-चार अक्षरे म्हणजे एक्स्टेन्शन. ते काय सांगते आणि काय सांगत नाही, हे समजून घ्यायला या पेटीतल्या गवयाइतके चांगले उदाहरण मला दुसरे सुचत नाही. खाँसाहेबांचे आयुष्य आणि आवाज साठवण्याचे तंत्र ही दोन्ही एकाच काळात वाढली. शिवाय सुराच्या बारीक मोजमापाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे, असा हा गवई.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. आपण ज्याला किराणा घराणे म्हणतो ते याच गावाच्या नावावरून; वाणसामानाच्या किराण्याशी त्याचा संबंध नाही. वडील काले खाँ, घर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे. लहानपणी गाण्याबरोबर सारंगी आणि बीनही हातात आली. एडिसनने फोनोग्राफ बनवला तेव्हा हा मुलगा पाच वर्षांचा होता आणि एमिल बर्लिनरने सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले तेव्हा पंधरा वर्षांचा. दोन्ही गोष्टी कैरान्याच्या फार लांब घडत होत्या.

तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायक म्हणून आले. तिथे सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकू लागली. पुढे दोघांनी लग्न केले. त्या काळी हे पचणे शक्य नव्हते. दोघांनी बडोदा सोडले, मुंबईला आले आणि मग मिरजेला घर केले. कैरान्याचा हा गवई महाराष्ट्राचा झाला तो असा. मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांची मोठी परंपरा होती आणि खाँसाहेबांचा कान तंबोऱ्याच्या जवारीबद्दल अतिशय चोखंदळ होता. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या त्या दोऱ्याने तारेतून मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर फुलून येतात. तंबोरा नीट लागला की खाँसाहेबांचे अर्धे गाणे तिथेच झालेले असायचे.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कोलकात्यात आला आणि गौहरजानचा आवाज त्याने तबकडीत भरला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १९०५ च्या सुमारास, खाँसाहेबांचेही ध्वनिमुद्रण झाले. ते कसे होत असेल ते डोळ्यांसमोर आणायला हवे. मायक्रोफोन नाही, वीज नाही. गवयाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर नागमोडी चर कोरायची. हे सगळे गळ्याच्या ताकदीवर. सुमारे दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही त्या पडद्याला पेलत नसे. तंबोऱ्याच्या झणत्काराचा बहुतेक भाग त्याच्या वरचा. म्हणजे ज्या गोष्टीवर खाँसाहेबांचा जीव, तीच सर्वांत आधी गळाली.

दुसरी कात्री वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. मिनिटाला ७८ फेरे धरले तर २३४ फेऱ्यांत गाणे संपले पाहिजे. एकेक स्वर उलगडत बढत करणाऱ्या गवयाला तासाभराचा राग तीन मिनिटांत गा म्हणणे म्हणजे पंगतीला बसवून चमचाभर वाढण्यासारखेच. तरीही त्या काळातल्या अनेकांसारखे फटाफट ताना मारून खाँसाहेबांनी वेळ मारून नेलेली नाही. तीन मिनिटांतही ते सुरावर थांबतात. कुठल्याही फॉरमॅटची बंधने असतात. त्यांच्या आत राहून काय करायचे हे गाणाऱ्याला ठरवावे लागते.

त्या पहिल्या तबकड्यांची एक गंमत सांगायला हवी. कोलकात्यात कारखाना निघाला तो १९०८ मध्ये. तोवर मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथे छापल्या जायच्या. तिथल्या कामगारांना हिंदुस्थानी गाणे काय कळणार, गायक कोण हेही कळणार नाही. म्हणून गौहरजानसारखे कलावंत गाणे संपता संपता स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. तबकडीवरचा कागदी शिक्का चुकीचा चिकटला, तरी चराच्या आत नाव कोरलेलेच असे.

संगणकाच्या फाइलीत अगदी हीच सोय आहे. एक्स्टेन्शन हा बाहेरचा शिक्का. तो कोणीही कीबोर्डवरून बदलू शकतो. विंडोजमध्ये तर तो बऱ्याचदा लपवलेलाच असतो आणि आपण नुसत्या चित्रावर विश्वास ठेवतो. पण फाइल आतून उघडली की सुरुवातीच्या काही अक्षरांत तिने स्वतःचे नाव सांगितलेले असते. फ्लॅक फाइलीच्या अगदी आरंभी फ्लॅक हीच चार रोमन अक्षरे असतात. वेव्हच्या आरंभी रिफ आणि पुढे वेव्ह. म्हणून एमपीथ्रीचे नाव बदलून फ्लॅक केले तर काही प्लेअर आतले नाव वाचून ती वाजवतात आणि काही गोंधळून नकार देतात. नाव बदलल्याने आतला आवाज बदलत नाही, सुधारत तर नाहीच. आत्याच्या फाइलींचे प्रकरण याच्या पुढचे होते. तिथे नुसते नाव बदललेले नव्हते, एमपीथ्रीमधून खरोखरची वेव्ह तयार केलेली होती. त्यामुळे आतले नावही वेव्ह असेच होते आणि आकारही भरघोस. खोट पकडायला आलेखच काढावा लागला.

मिरजेच्या शेजारी सांगलीत तेव्हा कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे गृहस्थ होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, आणि बावीस श्रुती नेमक्या किती कंपनांच्या, हे मोजण्याच्या ध्यासाने पछाडलेले. त्यांना हवा होता असा गवई, की ज्याचा स्वर मागाल तेव्हा जिथल्या तिथे लागेल. अब्दुल करीम खाँ गात आणि देवल तारेवर तो सूर मिळवून तारेची लांबी मोजत. देवलांचे पुस्तक १९१० मध्ये निघाले. सनदी नोकरीतले अर्नेस्ट क्लेमंट्स या कामात आले आणि श्रुती-हार्मोनियम नावाची खास पेटी तयार झाली. १९१६ मध्ये बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या श्रुतींवर जोरदार वाद झाले. देवलांचे सगळे निष्कर्ष आज कोणी जसेच्या तसे मानत नाही, आणि माझ्या मते ते बरेच आहे. गवयाचा स्वर रागागणिक हलता असतो, तो खुंटीला बांधून मोजता येत नाही. पण एक प्रथितयश उस्ताद आपला गळा प्रयोगशाळेतल्या उपकरणासारखा तासन्‌तास मोजू देतो, ही त्या काळातली विलक्षणच गोष्ट.

या मोजमापातली एक संख्या आपल्या विषयाला थेट भिडते. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर चढा धैवत ४०५ कंपनांचा येतो आणि उतरता ४०० चा. गुणोत्तर ८१ ला ८०. म्हणजे सव्वा टक्का. आता ग्रामोफोनकडे वळा. तबकडी मिनिटाला ७८ ऐवजी ७९ फेऱ्यांनी फिरली, तर प्रत्येक सूर साधारण तितकाच, सव्वा टक्क्याने, चढतो. एका फेऱ्याच्या चुकीत एक श्रुती गेली. सगळे सूर एकदमच चढत असल्याने त्यांच्यातले आपसांतले अंतर बिघडत नाही, हे खरे. पण गवयाची पट्टी बदलते, लय बदलते आणि आवाजाचा पोतही बदलतो. १९०५ च्या सुमारासच्या तबकड्या तर नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसतच; कुठे बहात्तर, कुठे ऐंशी. खाँसाहेबांचा आवाज मुळातच उंच, बारीक आणि टोकदार. अशी तबकडी जास्त वेगाने वाजवली की तो आणखी किरटा होतो आणि नवा ऐकणारा खाँसाहेबांनाच नावे ठेवतो. तबकडीचे भोक मध्यभागी नसेल तर आणखी वाईट: प्रत्येक फेऱ्याला सूर वर-खाली हेलकावतो आणि स्वरांमधले अंतरही बिघडते.

डिजिटल फाइलीला फेरे नसतात, पण वेग असतो. सीडीच्या पद्धतीत आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद होते, व्हिडिओच्या कामात बहुधा ४८,००० वेळा. किती, हे फाइलीच्या आरंभीच्या मजकुरात लिहिलेले असते. ४८,००० नोंदींची फाइल कोणी चुकून ४४,१०० ची म्हणून वाजवली तर गाणे रेंगाळते आणि दीडेक पट्टी उतरते. नुसत्या आकड्यांना सूर नसतो. ते कसे वाचायचे हे सांगणारी नोंद सोबत असली, तरच त्यांचे गाणे होते.

१९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. पुढे मुंबईतही शाखा निघाली. पुणे-मुंबईचा रस्ता तेव्हाही बोरघाटातूनच जायचा, त्यामुळे आमच्या लोणावळ्याच्या स्टेशनवरून त्यांच्या किती फेऱ्या झाल्या असतील असे उगाच मनात येते. शाळेत मुले राहायला असत, त्यांचा खर्च जलशांच्या तिकिटांतून निघे. त्यांचा एक कुत्राही होता, टिपू मियाँ, आणि खाँसाहेबांनी त्याला सुरात सूर मिळवायला शिकवले होते, असे सांगतात. ग्रामोफोन कंपनीच्या शिक्क्यावरचा कुत्रा नुसता ऐकत बसतो, हा गायचा.

संसार मात्र टिकला नाही. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. मुलांनी आईचे माने हे आडनाव लावले, त्यांची नावेही बदलली गेली. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई, कृष्णराव आणि सरस्वती राणे ही ती पाच भावंडे. महाराष्ट्राने त्यांना याच नावांनी ओळखले. नावे बदलली, आडनाव बदलले. गळ्यातला किराण्याचा सूर तोच राहिला, आणि हिराबाईंचा पहिला स्वर लागला की जाणकार तो लगेच ओळखत. वडिलांच्या वाट्याला मात्र त्यानंतर मिरजेचे एकटेपण आले. शिष्य होते, रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व त्यांतले सर्वांत गाजलेले. बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी, रोशनआरा बेगम याही त्यांच्याच परंपरेतल्या. कर्नाटकात आणि मद्रासकडे त्यांना मोठा मान होता. म्हैसूर दरबाराने त्यांना संगीतरत्न ही पदवी दिली. त्यागराजांची तेलुगू रचना तबकडीवर गाणारा हा हिंदुस्थानी उस्ताद होता.

दरम्यान तंत्र बदलले. १९२५ पासून विजेचा मायक्रोफोन आला आणि वरची मर्यादा पाचेक हजार हर्ट्झपर्यंत सरकली. आता गवयाला कर्ण्यात ओरडावे लागत नव्हते. हलक्या आवाजात सुरावर रेंगाळणाऱ्या गायकासाठी हा केवढा फरक! १९३० च्या दशकाच्या मध्यावर खाँसाहेबांनी ओडियन कंपनीसाठी जी मुद्रणे केली, ती या नव्या तंत्राची. झिंझोटी आणि भैरवीतल्या त्यांच्या ठुमऱ्या, वसंत, ललित, गुजरी तोडी, काही नाट्यपदे. साठी ओलांडलेला गळा, तरी पडद्यामागून कोणी दिवा पुढे आणावा तसा आवाज समोर येतो. तीन मिनिटांची मर्यादा तीच होती. झिंझोटीच्या ठुमरीची तबकडी धारवाडकडच्या एका शाळकरी मुलाने दुकानात ऐकली आणि गाणे शिकायचे म्हणून तो घरातून पळाला. पुढे तो सवाई गंधर्वांचा शिष्य झाला. त्याचे नाव भीमसेन जोशी.

ऑक्टोबर १९३७ मध्ये खाँसाहेब मद्रासकडच्या दौऱ्यावर होते. तिथून पाँडिचेरीला जाताना गाडीत छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनवर शिष्यांसह ते उतरले, फलाटावर अंथरूण घातले गेले. २७ ऑक्टोबरला तिथेच त्यांचा प्राण गेला. अखेरच्या क्षणी ते दरबारीच्या सुरांत प्रार्थना गात होते, असे त्यांच्या शिष्यपरंपरेत सांगितले जाते. त्यांना मिरजेला आणून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले. दरवर्षी उरुसात त्यांच्या स्मरणार्थ तिथे गाणे होते.

आता पुन्हा आत्याच्या पेटीकडे. तीन मिनिटांचे गाणे सीडीच्या दर्जाच्या वेव्हमध्ये सुमारे ३२ एमबी होते. वेव्हमध्ये काहीच वगळलेले नसते. फ्लॅक तीच माहिती घट्ट घडी घालून ठेवते, उलगडली की एकही आकडा कमी नाही. साधारण एमपीथ्री तेच गाणे तीन एमबीत बसवते, म्हणजे अकरा भागांतले दहा भाग टाकून देते. काय टाकायचे हे ती आपल्या कानावरून ठरवते. कानाच्या आतल्या शंखात एक सूर जोरात वाजत असताना त्याच्या शेजारचा हलका सूर झाकला जातो; तुम्हाला नाहीतरी ऐकू येणार नाही, मग साठवायचा कशाला, असा तिचा हिशेब. फोनच्या रेकॉर्डरमधले एमफोरए आणि व्हॉट्सॲपवरच्या व्हॉइस मेसेजमधले ओपस हेही याच गोत्रातले.

एरवी ऐकायला हे पुरते. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आत्याला सोळा हजार हर्ट्झच्या वरचे तसेही ऐकू येत नाही, आणि खाँसाहेबांच्या तबकडीत तिथे सूर नाहीच, नुसती खरखर आहे. मग बिघडले कुठे? बिघडते ते असे की खरखरीला ठरावीक नमुना नसतो, म्हणून ती थोड्या जागेत बसत नाही. ती बसवताना एमपीथ्रीला सुरांच्या वाट्याची जागा खर्च करावी लागते. शिवाय तबकडीवरचा प्रत्येक टिचका मुळात टोकदार असतो. तो टोकदार असतो म्हणूनच उद्याचे सॉफ्टवेअर त्याला गाण्यातून नेमका वेचून काढू शकेल. एमपीथ्री त्या टिचक्याचे टोक पसरवून गाण्यात मिसळून टाकते. धान्यातला खडा दळून पिठात गेला की तो निवडता येत नाही.

म्हणून जतनाची प्रत आधी, न गाळलेली, वेव्ह किंवा फ्लॅक, आणि जमल्यास सीडीहून बारीक मोजमापाची. तिच्यावरून ऐकण्यासाठी हव्या तितक्या एमपीथ्री कराव्यात. प्रत करताना तबकडीला जुन्या रुंद चराची सुई लागते. एलपीची बारीक सुई तळाशी घासून नुसता कचरा वाचते. साफ करायला स्पिरिट तर मुळीच नको, कारण लाख त्यात विरघळते. उन्हात वाळवणेही नको, तबकडी पापडासारखी वाकते. सात तबकड्यांमागे दुकानात वेग कोणता धरला होता, हे विचारले तेव्हा तिथे कोणाला आठवत नव्हते. वेगाची नोंद फाइलीसोबत लिहून ठेवणे हे प्रतीइतकेच महत्त्वाचे. अशा जुन्या मुद्रणांवरचा हक्क आपल्याकडे साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे प्रत नातेवाइकांना वाटायलाही आता अडचण नाही.

आतेभावाने तबकड्या कोरड्या मऊ कापडाने पुसून उभ्या रचल्या, जुन्या वर्तमानपत्रांऐवजी नवी कागदी पाकिटे आणली. नवी प्रत दिवाळीनंतर करायची ठरली आहे, हवा कोरडी झाली की. तोवर पेटी माळ्यावर नाही, आत्याच्या पलंगाशेजारी आहे.